अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम : त्वचा व मेंदूच्या लक्षणांवरून निदानाचा विचार

प्रास्ताविक :

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच घटकांना परके मानू लागली म्हणजे स्वयंप्रतिकार रोग उद्भवतात. संधिवाताचे काही प्रकार व ल्युपस हे त्यांपैकी परिचित रोग होत. तथापि ज्या रोगाची लक्षणे मेंदू आणि त्वचा अशा दोन दूरच्या ठिकाणी प्रकटतात, त्याचे निदान पुष्कळदा लांबते. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा असाच रोग होय. एखाद्या स्त्रीच्या अर्धशिशीवर मेंदूविकारतज्ज्ञ उपचार करतात, पायांवरील डाग त्वचारोगतज्ज्ञ पाहतात, वारंवार झालेल्या गर्भपातांची नोंद स्त्रीरोगतज्ज्ञाकडे असते. परंतु हे तिन्ही कागद एकत्र वाचले जात नाहीत. अशा स्थितीत ऐन तिशीत पक्षाघात होण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात ही लक्षणे एकमेकांशी कशी जोडली जातात, याचे विवेचन केले आहे.

त्वचेवरील जाळी :

शेफील्ड येथील त्वचारोगतज्ज्ञ स्नेडन यांनी 1965 मध्ये सहा रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या त्वचेवर जांभळट जाळी होती आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्यात बिघाडही होता. पुढे 1983 मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी रक्ताच्या गुठळ्या, गर्भपात, मेंदूविकार आणि विशिष्ट प्रतिपिंडे यांचा संबंध मांडला. स्नेडन यांनी वर्णिलेल्या विकारात मात्र ही प्रतिपिंडे प्रत्येक रुग्णात आढळतातच असे नाही.

थंडीत उमटणारी व ऊब मिळताच नाहीशी होणारी जाळी बहुधा निरुपद्रवी असते. ऊब देऊनही टिकणारी, तुटक वर्तुळांची जाळी मात्र दुर्लक्षिण्याजोगी नव्हे. शेगडीच्या नित्य शेकानेही जाळीदार डाग पडतात. पण जुने झाल्यावर ते तपकिरी असतात व दाबल्यास फिके होत नाहीत. सावळ्या त्वचेवर जांभळी छटा सहज दिसत नाही, त्यामुळे चांगल्या उजेडात मांड्या, पाठ व दंड मुद्दाम पाहावे लागतात.

रक्ततपासणीतील विसंगती :

या रोगातील काही प्रतिपिंडे कार्डिओलिपिन या मेदद्रव्याला चिकटतात. उपदंशाच्या व्हीडीआरएल चाचणीत हेच द्रव्य वापरले जाते. परिणामी उपदंश नसतानाही चाचणी सकारात्मक येऊ शकते. हा केवळ प्रयोगशाळेचा प्रश्न नव्हे. गर्भवतीच्या नेहमीच्या तपासणीत असा अहवाल आल्यास तिच्या चारित्र्यावर व संसारावर संशयाची छाया पडते. म्हणून टीपीएचएसारखी उपदंशाच्या जंतूंशी निगडित चाचणी करून खात्री झाल्याविना निष्कर्ष काढणे अन्यायकारक ठरते.

दुसरी विसंगती अधिक चमत्कारिक आहे. परीक्षानळीत या रुग्णांचे रक्त उशिरा गोठते, शरीरात मात्र गुठळ्या होतात. नळीतील गोठण्याच्या क्रियेसाठी लागणारी फॉस्फोलिपिड द्रव्ये प्रतिपिंडे अडवून धरतात, हे त्याचे कारण. हा दोष ओळखणाऱ्या एका चाचणीत आपल्याकडील शेताबांधावर आढळणाऱ्या घोणसाचे विष अत्यंत विरळ करून वापरतात. त्या विषाने गोठण्याच्या साखळीतील दहावा घटक थेट कार्यान्वित होतो.

जंतुसंसर्गानंतर ही प्रतिपिंडे तात्पुरती वाढू शकतात. म्हणून किमान 12 आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. 2006 च्या सिडनी निकषांत त्वचेवरील जाळीला स्थान नव्हते. 2023 च्या अमेरिकन व युरोपीय संधिवात संघटनांच्या निकषांत तिला गुण दिले गेले. हे निकष मुख्यतः संशोधनासाठी आहेत, हे ध्यानी घ्यावयास हवे. एमआरआयमध्ये दिसणारे पांढरे ठिपके मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही आढळतात, त्यामुळे केवळ त्या चित्रावर विसंबता येत नाही.

निदानाने उपचाराची दिशा बदलते. गुठळी झालेल्या रुग्णास सामान्यतः दीर्घकाळ वॉरफरिन द्यावे लागते. गर्भारपणात ते गर्भास घातक असल्याने हेपॅरिन व अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन यांचा आधार घेतात. रक्त पातळ ठेवणारी औषधे चाचणीचा निकाल बिघडवतात. म्हणून शक्य असेल तेथे पहिला नमुना ती सुरू करण्यापूर्वीच घेतला जातो.