अब्बांच्या कॅमेऱ्यासाठी एक जुनी लेन्स

नवेगाव बांधच्या पाळीवर काढलेला एक फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. मागे पाणी, पाण्यामागे टेकड्या आणि पुढे तीन पिढ्यांची सतरा माणसे. उजव्या टोकाला आमचे बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. त्यांचा अर्धा चेहरा आणि एक खांदा तेवढा आला आहे. त्याच उन्हाळ्यात त्यांचा इंतकाल झाला. अब्बा कधी अल्बम उघडतात, त्या पानावर थांबतात आणि काही न बोलता पान उलटतात.

फोटो आम्हीच काढला होता. कॅमेरा अब्बांचा, झोर्की-४. अब्बा तरुणपणी भिलाईत कामाला होते. तिथला पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून अब्बांनी हा रशियन कॅमेरा जुना घेतला. आमच्या अकिक्यापासून बहिणींच्या निकाहपर्यंतचे सगळे फोटो त्याच्यातले. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून कॅमेरा आम्हा भावंडांकडे आला. त्याला लावलेली लेन्स ५० मिलिमीटरची आहे. पाळीवर मागे सरकायला जागा थोडी, माणसे सतरा. आम्ही घाईत बटण दाबले आणि टोकाचा माणूस कापला गेला.

म्हणून जास्त रुंद दिसणारी, म्हणजे वाइड अँगल लेन्स घ्यायची ठरली. त्या खटाटोपात आम्ही जे शिकलो, ते इथे मांडतो. जुना कॅमेरा पेटीत पडून आहे अशी घरे आपल्या वाचकांत बरीच असतील.

आधी एक खरी गोष्ट. सगळे चौकटीत यावेत एवढीच गरज असेल, तर आज कुठलाही मोबाइल ते काम करतो. त्यासाठी पैसे घालवणे म्हणजे इसराफच. पण मोबाइल बदलला की त्यातले फोटो हरवतात, हा अनुभवही घरोघरी आहे. रिळात छत्तीसच फोटो असतात, म्हणून माणूस विचार करून काढतो, आणि कागदावर आलेला फोटो पुढच्या पिढीच्या हातात पडतो. फोटोबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत, उलेमांमध्येही आहेत. आमच्याकडे भिंतीवर फोटो लावत नाहीत. अल्बम कपाटात असतो. ज्याने त्याने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचे आणि आपल्या आलिमांचे ऐकावे.

किती रुंद हवी?

नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. टेकड्यांमधल्या फटी मातीच्या पाळींनी बुजवून पाणी अडवायचे, हे कोहळी समाजाचे पिढीजात कसब. पूर्व विदर्भातली धानाची शेती अशा तलावांवर आणि बोड्यांवर उभी राहिली. अशा पाळीवर लांबी भरपूर, रुंदी मात्र मोजकी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. म्हणजे फोटो काढणाऱ्याला मागे जाता येत नाही.

आम्ही टेप घेऊन हिशेब केला. साडेचार मीटर अंतरावरून ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये सव्वातीन मीटर रुंदी मावते. ३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये साडेचार मीटरांहून थोडी जास्त आणि २८ मध्ये पावणेसहा मीटरांच्या आसपास. नऊ माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली तर सुमारे चार मीटर जागा लागते. म्हणजे दोन रांगांसाठी ३५ पुरेशी झाली. २८ आणखी मोकळी खरी, पण तिच्यात कडेचे चेहरे जास्त ताणलेले दिसतात. ३५ मध्येही थोडे ताणतातच. म्हणून म्हातारी माणसे मध्ये आणि मुले कडेला, हा नियम कुठल्याही वाइड लेन्सला लावावा.

दुसरा फायदा फोकसचा. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात खिडकीतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि त्या जुळवून अंतर ठरवायचे असते. मुले हलत असली की ते जमत नाही. ३५ ची लेन्स एफ ८ वर ठेवून फोकस ५ मीटरवर लावला, तर अडीच मीटरपासून थेट समोरच्या टेकड्यांपर्यंत सगळे स्पष्ट येते. पुन्हा पुन्हा जुळवत बसावे लागत नाही.

एक अडचण आहे. झोर्की-४ च्या खिडकीतून साधारण ५० च्या लेन्सइतकेच दिसते. ३५ साठी वर बसवायचा वेगळा व्ह्यूफाइंडर मिळतो. तो नसला तरी गटाच्या फोटोचे अडत नाही. खिडकीत जेवढे दिसते त्याच्या पाचव्या भागाइतके दोन्ही बाजूंना जास्त येते, एवढे लक्षात ठेवले की झाले.

कोणती लेन्स?

झोर्कीला ३९ मिलिमीटर आट्यांची लेन्स बसते. जुन्या लायकाचे आटेही तेच, म्हणून रशियन, जपानी आणि जर्मन अशा तिन्ही घराण्यांच्या लेन्स चालतात. पण इथेच फसगत होते. जुन्या झेनिट कॅमेऱ्याच्या लेन्सचे आटेही ३९ चेच आणि फोटो मोठे करायच्या एन्लार्जरच्या कित्येक लेन्सचेही तेच. त्या बसतात, पण फोकस होत नाहीत. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असते, त्या झेनिटमध्ये ४५.२. आटे जुळले म्हणून नाते जुळत नाही.

आमच्यासमोर तीन नावे होती. लायकाची सुमारॉन, ३५ मिलिमीटर, एफ ३.५: नाजूक, सुंदर आणि महाग. शिवाय तिच्या काचांच्या आत धुके साचण्याची तक्रार नेहमीची, आणि जुन्या प्रकाराला हूड मिळणे कठीण. दुसरी, १९५०च्या दशकातली कॅननची ३५, एफ २.८: लहान, पितळ-पोलादाची, टिकाऊ. तिसरी, रशियन ज्युपिटर-१२, तीही एफ २.८. युद्धापूर्वीच्या जर्मन झाइस बायोगॉन लेन्सच्या रचनेवरून ती बनवली गेली. तिघींत स्वस्त तीच, म्हणून आम्ही ती निवडली.

तिच्या दोन खोडी सांगून ठेवतो. मागची काच खूप बाहेर आलेली असते, त्यामुळे लेन्स मेजावर कधीही मागच्या बाजूने ठेवू नये आणि मागचे झाकण खोल घ्यावे. छिद्र लहान-मोठे करण्याचे कडे पुढच्या तोंडाच्या आत आहे. हूड लावल्यावर तिथे बोट पोचवणे अवघड जाते, म्हणून आकडा आधी ठरवावा आणि मग हूड लावावे. हीच लेन्स कीव्ह कॅमेऱ्यासाठीही बनत असे. ती दिसायला बहीणच, पण तिला आटे नसतात. विकत घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागवावा.

ओले धान्य वर

पहिली लेन्स आम्ही पावसाळ्यात मागवली. विकणाऱ्याने लिहिले होते, ‘काच एकदम साफ.’ आली तेव्हा वरून साफच दिसली. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च मागून मारला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले. बुरशी होती. परत घेण्यावरून बरीच घासाघीस झाली आणि थोडे पैसे गेलेच.

अब्बांनी त्या वेळी एक हदीस आठवून दिली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला. बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला की पावसाने भिजले. त्यावर प्रेषितांनी विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवले, आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानले नाही. आमचा मुलूख धानाचा. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की ओल्या धानाचे काय होते, हे इथे पोराटोरांनाही कळते. त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात फार आतपर्यंत गेली.

दुसरा विकणारा वेगळा निघाला. त्याने न विचारता सांगितले, ‘पुढच्या काचेवर दोन बारीक ओरखडे आहेत, आत एक बुडबुडा आहे आणि फोकसचे कडे थंडीत जड फिरते.’ आम्ही त्याच्याकडूनच घेतली. जुन्या काचेत असा एखादा बुडबुडा असायचाच, फोटोत तो दिसत नाही. बारीक ओरखड्यांनीही फारसे बिघडत नाही. ज्याने ओले धान्य वर ठेवले, त्याच्या कोरड्या धान्यावरही विश्वास बसतो.

घेताना एवढे पाहावे. टॉर्च मारून बुरशी आणि धुके. छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन काचांमधला डिंक सुटू लागला आहे असे समजावे. मग फोकस. झोर्कीची पाठ पूर्ण निघते. फिल्म नसताना, जिथे फिल्म बसते तिथे बटर पेपर ताणून चिकटवावा, शटर ‘बी’ वर उघडे धरावे आणि दूरचा मनोरा व जवळची खुर्ची दोन्ही पाहावीत. खिडकीत प्रतिमा जुळते तेव्हा बटर पेपरवरही स्पष्ट दिसली, तर लेन्स आणि कॅमेरा यांचे जमले.

हूडची गोष्ट

त्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा नवेगाव बांधला गेलो. सगळे चौकटीत होते. रीळ धुऊन आले तेव्हा मात्र फोटो दुधात बुडवल्यासारखे फिकट. सूर्य समोरच्या बाजूला होता, आणि पाण्यावरून चकाकी खालूनही येत होती. आजच्या लेन्सवर कोटिंगचे अनेक थर असतात, त्या काळच्या लेन्सवर एकच थर. चौकटीबाहेरचा प्रकाश काचेवर तिरका पडतो, आतल्या आत उसळतो आणि सगळे चित्र धुरकट करतो.

फोटो पाहून अब्बा हसले. ‘बेटा, आम्ही टोपी धरायचो,’ म्हणाले. भर उन्हात फोटो काढताना ते डोक्यावरची टोपी काढून लेन्सच्या वर सावलीसाठी धरत. हूड म्हणजे दुसरे काही नाही, लेन्सची टोपी. बसऱ्यात ९६५ साली जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीतल्या लहान छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावर प्रयोग केले आणि किताब अल-मनाझिर हा ग्रंथ लिहिला. बाहेरचा प्रकाश अडवला तरच छिद्रातून आलेले चित्र दिसते. हजार वर्षांनीही गोष्ट तीच आहे.

वाइड लेन्सचे हूड आखूड आणि पसरट हवे. ५० च्या लेन्सचे लांब हूड ३५ ला लावले तर फोटोचे चारही कोपरे काळे होतात. ज्युपिटर-१२ ला ४०.५ मिलिमीटरचे आटे लागतात. खात्री करायला पुन्हा कॅमेऱ्याची पाठ काढावी, शटर ‘बी’ वर धरावे, छिद्र पूर्ण उघडावे आणि फिल्मच्या चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यातून लेन्समधून पाहावे. हूडची कड दिसली तर ते हूड नको. रेंजफाइंडरमध्ये खिडकी लेन्सच्या शेजारी असते, त्यामुळे मोठे हूड दृश्याचा एक कोपरा झाकते. म्हणूनच काही हूडांच्या भिंतीत झरोके ठेवलेले असतात. आतला काळा रंग उडाला असेल तर काळा मखमली कागद चिकटवावा. लेन्सच्या किमतीपुढे हूड काहीच नाही, पण निम्मे काम तेच करते.

पुन्हा पाळीवर

रमजान लागण्याआधी आम्ही तिसऱ्यांदा गेलो. हा परिसर १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. इथल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सालिम अली यांचे नाव आहे, आणि मारुती चितमपल्लींच्या लेखनातून ही जागा मराठी घरांत पोचली. मुलांना पक्ष्यांचे फोटो हवे होते. ३५ च्या लेन्समध्ये पक्षी ठिपक्याएवढा येतो, म्हणून त्यांच्या हातात दुर्बीण दिली.

सूर्य पाठीशी तिरका येईपर्यंत थांबलो. १०० आयएसओची फिल्म, एफ ११, १/२५० सेकंद. हूड लावले. अब्बा मधोमध खुर्चीवर, त्यांच्या शेजारी बडी अम्मी. कडेला मुले. कोण कुठे उभे आहे हे या वेळी एकेक करून मोजले.

फोटो चांगला आला. धाकट्याचे डोळे मिटलेले आहेत, पण कुणी कापले गेलेले नाही. मागचे पाणी पाण्यासारखे दिसते. बडी अम्मींनी तो बराच वेळ पाहिला, मग अल्बममध्ये स्वतःच्या हाताने लावला. बडे अब्बांच्या अर्ध्या फोटोसमोरचे पान त्यांनीच निवडले.

लेन्स आता कपड्यांच्या कपाटात नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते, कारण चामड्याच्या कव्हरात ओल राहते आणि ओलीतून बुरशी येते. कधी विकायची वेळ आली, तर दोन ओरखडे, एक बुडबुडा आणि जड कडे, हे आम्ही सगळ्यात वर लिहू, इन्शाअल्लाह.