बापाची द्राक्षे, मुलाचे दात

आपण कालवणाला चिंच, कैरी किंवा आंबोशी घालतो. इराण, लेबनॉन, सीरियात हेच काम कच्च्या द्राक्षांचा रस करतो. गोडी भरण्याआधीच हिरवे, कडक मणी तोडून कुटतात आणि पिळून रस गाळून ठेवतात. अशा कच्च्या द्राक्षाला फारसीत घुरे, अरबीत हुस्रुम म्हणतात. लिंबू सर्रास मिळण्याआधी युरोपातही हा रस स्वयंपाकघरात नेहमीचा होता. त्यात टार्टारिक व मॅलिक आम्ले भरपूर असतात. नुसते मणी चावले, की दात आंबतात.

हा आंबटपणा पवित्र शास्त्राच्या लोकांना चांगलाच ठाऊक होता. बापाच्या खाण्याने मुलाचे दात आंबतात, अशा अर्थाची म्हण यिर्मया 31 व यहेज्केल 18 या अध्यायांत येते. पण यहेज्केलद्वारे देव ती म्हण बंद करायला सांगतो. ज्याचे पाप, त्याचाच जाब.

पाड्यांवर फिरताना मला हा अध्याय वारंवार आठवतो. बापाने लग्नासाठी उचल घेतली, म्हणून मुलगा वीटभट्टीवर राबतो, आणि "बापाचं देणं फेडायलाच हवं ना?" असे मलाच विचारतो. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. वाडवडिलांनी घेतलेल्या उचलीपोटी राबवणे हीसुद्धा वेठबिगारीच, आणि 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली आहे. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयात करता येते.

आपल्या मंडळीच्या परिसरात असे कुटुंब असेल, तर त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि त्यांच्याबरोबर त्या कार्यालयापर्यंत चालतही जा.