मोटार विम्याची निवड : हप्ता, संरक्षण आणि सेवा

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. या कारखान्याभोवती जी औद्योगिक नगरी उभी राहिली, तिच्यात सुपेलालगतचे कोहका हे आज दाट वस्तीचे उपनगर आहे. कारखान्यातील कर्मचारी, निवृत्त कामगार, शिक्षक, छोटे व्यापारी अशा मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात आता ‘सीजी ०७’ या दुर्ग जिल्ह्याच्या नोंदणी क्रमांकाची मोटार दिसते. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे येथील मराठी कुटुंबांचे विदर्भाशी जुने नाते आहे आणि सणासमारंभाला नागपूरकडे सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास मोटारीने करणे ही नित्याची बाब झाली आहे.

घर वगळता मोटार ही अशा कुटुंबाची बहुधा सर्वांत महागडी मालमत्ता असते. तिचा विमा मात्र दरवर्षी मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, दूरध्वनीवर आलेल्या पहिल्या प्रस्तावावर किंवा ‘सर्वांत कमी हप्ता’ एवढ्याच निकषावर उतरविला जातो. या घाईची किंमत अपघातानंतर कळते. म्हणून विविध कंपन्यांच्या प्रस्तावांची तुलना कशी करावी, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

नियंत्रित दरांपासून स्पर्धेपर्यंत

सामान्य विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्यान्वये झाले. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचा व्यवसाय नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्यांकडे आला. मोटार विम्याचे दर प्रशुल्क सल्लागार समिती ठरवीत असे. सर्व कंपन्यांचे दर सारखेच असल्याने ग्राहकाने तुलना करावी असे फारसे काही नव्हते.

मल्होत्रा समितीने १९९४ मध्ये दिलेल्या अहवालानंतर सुधारणांना चालना मिळाली. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरण अस्तित्वात आले आणि खासगी कंपन्यांना प्रवेश मिळाला. तरीही मोटार विम्याचे दर बांधलेलेच राहिले. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात देशाचे दोन विभाग होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात आणि उर्वरित देश ‘ब’ विभागात. १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या, पाच वर्षांहून जुन्या नसलेल्या खासगी मोटारीसाठी ‘अ’ विभागात विमित मूल्याच्या ३.१२७ टक्के, तर भिलाईसारख्या ‘ब’ विभागातील शहरात ३.०३९ टक्के दर होता. म्हणजे पाच लाख रुपये मूल्याच्या मोटारीसाठी भिलाईत कोणत्याही कंपनीकडे गेल्यास १५,१९५ रुपये एवढाच मूळ हप्ता निघत असे.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले. तेव्हापासून त्याच मोटारीसाठी, त्याच शहरात, दोन कंपन्यांचे हप्ते वेगळे असू शकतात. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की, बाजारातील किमतींचा शोध घेण्यासही वेळ व श्रम यांच्या रूपाने खर्च येतो आणि हा खर्च टाळणारा ग्राहक बहुधा जास्त किंमत मोजतो. मोटार विम्याला हा विचार तंतोतंत लागू पडतो.

तुलना कोणत्या भागाची करावी?

सर्वसमावेशक मोटार विम्याचे दोन प्रमुख घटक असतात. पहिला घटक त्रयस्थ व्यक्तीप्रति असलेल्या दायित्वाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाविमा वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. या सक्तीमागे सामाजिक कारण आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. मृताच्या कुटुंबाला मिळणारी भरपाई वाहनमालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, हा कायद्याचा हेतू होय.

या घटकाचा दर शासन ठरविते. १ जून २०२२ पासून अमलात आलेल्या दरांनुसार १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी तो वार्षिक २,०९४ रुपये, १००० ते १५०० घनसेंटिमीटरसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढील मोटारींसाठी ७,८९७ रुपये होता. दर कोणत्याही वर्षीचा असो, तो सर्व कंपन्यांना सारखाच लागू होतो. म्हणून या रकमेवर ‘विशेष सवलत’ देण्याची भाषा कोणी करीत असेल, तर ग्राहकाने सावध व्हावे.

दुसरा घटक स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर इत्यादींपासून संरक्षण देणारा. खरी स्पर्धा येथे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी त्रयस्थ विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र स्वतंत्रपणे, दरवर्षी, हव्या त्या कंपनीकडून घेता येतो. विक्रेत्याने पहिल्या वर्षी निवडलेल्या कंपनीशी ग्राहक कायमचा बांधलेला नसतो.

हप्ता कमी, पण किती मूल्यावर?

प्रस्तावांची तुलना करताना पहिली नजर विमित घोषित मूल्यावर जावयास हवी. मोटार चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर कंपनी याच मूल्याच्या आधारे भरपाई देते. निर्मात्याच्या विक्रीकिमतीतून घसारा वजा करून हे मूल्य काढतात. मोटार एक ते दोन वर्षांची असल्यास घसारा २० टक्के, दोन ते तीन वर्षांची असल्यास ३० टक्के, तीन ते चार वर्षांची असल्यास ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांची असल्यास ५० टक्के धरला जातो. पाच वर्षांनंतर ते परस्परसंमतीने ठरते.

समजा, कोहक्यातील एका कुटुंबाने सहा लाख रुपयांना घेतलेली मोटार अडीच वर्षांची झाली आहे. ३० टक्के घसारा वजा जाता तिचे मूल्य ४,२०,००० रुपये होते. पहिली कंपनी या मूल्यावर ७,००० रुपये हप्ता सांगते. दुसरी ६,३०० रुपये सांगते, पण तिने मूल्य ३,६०,००० रुपये धरले आहे. वरकरणी दुसरा प्रस्ताव ७०० रुपयांनी स्वस्त आहे. दर हजार रुपये मूल्यामागे हिशेब केला, तर पहिल्या कंपनीचा दर सुमारे १६.६७ रुपये आणि दुसरीचा १७.५० रुपये पडतो. म्हणजे दुसरी कंपनी प्रत्यक्षात महाग आहे आणि मोटार चोरीस गेल्यास कुटुंबाला ६०,००० रुपये कमी मिळतील. दोन प्रस्ताव शेजारी ठेवताना मूल्य समान करून मगच हप्ता पाहावा, हा त्यामुळे पहिला नियम ठरतो.

घसारा, वजावट आणि बोनस

किरकोळ अपघातातील भरपाई बिलापेक्षा कमी का येते, हा ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न असतो. याचे उत्तर सुट्या भागांवरील घसाऱ्यात आहे. रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, तर फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. काचेवर तो नसतो. धातूच्या भागांवरील घसारा वाहनाच्या वयानुसार वाढतो. याखेरीज १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीसाठी १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीसाठी २,००० रुपये अशी सक्तीची वजावट रूढ आहे. प्लास्टिकचा ८,००० रुपयांचा बंपर बदलल्यास घसाऱ्यात ४,००० रुपये आणि वजावटीत १,००० रुपये जाऊन ग्राहकाच्या हाती ३,००० रुपयेच येतात. ‘शून्य घसारा’ हे जोडसंरक्षण घेतल्यास ही कपात टळते. नव्या मोटारीसाठी ते उपयुक्त असते. मोटार जुनी होत जाते तशी त्याची किंमत वाढते किंवा ते मिळेनासे होते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन निकामी झाल्यास ते नुकसान साध्या विम्यातून बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षण वेगळे घ्यावे लागते.

दावा न केल्याबद्दल मिळणारा बोनस हा तुलनेतील तिसरा मुद्दा. स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के आणि त्यापुढे क्रमाने २५, ३५, ४५ व ५० टक्के सूट मिळते. हा बोनस कंपनीचा वा मोटारीचा नसून मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी तो टिकतो. मात्र मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास तो जातो.

बोनसमुळे लहान दावा करावा की नाही, हा आर्थिक निर्णय बनतो. बोनसपूर्व हप्ता १२,००० रुपये आहे आणि मालकाला ३५ टक्के बोनस मिळतो, असे मानू. पुढील वर्षी तो ४५ टक्के होऊन हप्ता ६,६०० रुपये झाला असता. या वर्षी ४,००० रुपयांच्या दुरुस्तीचा दावा केल्यास वजावटीनंतर फार तर ३,००० रुपये मिळतील; परंतु बोनस शून्यावर येऊन पुढील हप्ता १२,००० रुपये होईल. ३,००० रुपयांसाठी ५,४०० रुपये गमावणे शहाणपणाचे नाही. त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर लक्षात घेता तोटा आणखी वाढतो.

जुनी मोटार घेणाऱ्याने विशेष काळजी घ्यावी. विक्रेत्याचा बोनस खरेदीदाराला मिळत नाही आणि मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला कळविणे आवश्यक असते. स्वस्त हप्त्याच्या मोहाने नसलेला बोनस जाहीर केल्यास दाव्याच्या वेळी ती चुकीची माहिती ठरते आणि भरपाईच धोक्यात येते. नागपूरहून बदलून आलेली ‘एमएच’ क्रमांकाची मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ छत्तीसगडमध्ये राहिल्यास नवी नोंदणी करावी लागते. हा बदलही विमापत्रात नोंदवून घ्यावा.

सेवेचे मोजमाप

हप्ता आकड्यात दिसतो, सेवा दिसत नाही. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर बाजारात निकृष्ट माल टिकून राहतो. विम्यात हा धोका अधिक आहे, कारण ग्राहक आज पैसे देतो आणि वस्तूचा अनुभव, आलाच तर, पुढे कधीतरी घेतो. यावर उपाय म्हणजे उपलब्ध माहिती वाचणे. प्राधिकरणाचे वार्षिक अहवाल आणि कंपन्यांनी संकेतस्थळांवर नियमितपणे जाहीर करावयाची विवरणे सर्वांना खुली आहेत.

त्यातील आकडे मात्र समजून वाचावेत. जमा हप्त्याच्या तुलनेत दाव्यांवर झालेला खर्च फारच कमी असेल, तर ग्राहकांना त्यांच्या पैशाचा मोबदला कमी मिळतो. तो दीर्घकाळ शंभर टक्क्यांपलीकडे असेल, तर कंपनीच्या प्रकृतीची चिंता वाटावी. शिवाय मोटार विम्याच्या एकत्रित गुणोत्तरात न्यायाधिकरणांपुढे वर्षानुवर्षे चालणारे त्रयस्थ दावेही असतात. म्हणून स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यांचा आकडा वेगळा पाहावा. निकाली निघालेल्या दाव्यांची टक्केवारी संख्येवर असते, रकमेवर नसते. कापून दिलेला दावाही तिच्यात ‘निकाली’ ठरतो. दाव्यांना लागलेला काळ, तक्रारींचे प्रमाण आणि किमान १.५ असावयास हवे ते शोधनक्षमता गुणोत्तर, हे निर्देशक पूरक ठरतात.

अखेरचा निकष स्थानिक आहे. रोख रक्कम न भरता दुरुस्ती करून देणारी किती गॅरेज कंपनीच्या यादीत भिलाई, दुर्ग व रायपूर येथे आहेत? राजनांदगावच्या पुढे महामार्गावर मोटार बंद पडली, तर ती ओढून नेण्याची सोय कोण करील? महानगरात उत्तम सेवा देणारी कंपनी कोहक्यातही तशीच असेल, असे नाही. परिसरातील दोन-तीन गॅरेजचालकांना विचारल्यास कोणत्या कंपनीचा सर्वेक्षक वेळेवर येतो, याची माहिती जाहिरातीपेक्षा अधिक खात्रीने मिळते.

तक्रार निवारणाची वाट

दावा नाकारला गेला किंवा अवाजवी कापला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळ येथे आहे. ऑनलाइन तक्रार व दूरदृश्य सुनावणी यांची तरतूद २०२१ पासून असल्याने अंतराची अडचण कमी झाली आहे. यासाठी शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. २०२४ च्या निर्देशांन्वये केवळ कागदपत्रांअभावी दावा फेटाळण्यास प्राधिकरणाने मनाई केली आहे, हेही ग्राहकाला माहीत असावे.

या सर्वांचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी किमान तीन कंपन्यांचे लेखी प्रस्ताव मागवावेत. विमित मूल्य, वजावट व जोडसंरक्षण समान ठेवून, शासनाने ठरविलेला त्रयस्थ हप्ता बाजूला काढून, उरलेल्या रकमेची तुलना करावी. नंतर स्थानिक सेवेची चौकशी करावी आणि विमापत्र हाती आल्यावर त्यातील नाव, इंजिन क्रमांक व बोनस तपासून घ्यावा. दोन संध्याकाळींच्या या कामातून काही शे रुपयांची बचत होईल वा न होईल. परंतु अपघाताच्या दिवशी कुटुंबाची अनेक वर्षांची शिल्लक गॅरेजच्या बिलात जाण्याचा धोका त्यातून नक्कीच कमी होतो. २००७ मध्ये दर खुले करण्याचा निर्णय शासनपातळीवर झाला. त्याचा लाभ पदरात पडण्यासाठी चौकस ग्राहकाची जोड मिळणे आवश्यक आहे.