महाशीराला बीज नव्हे, नदी हवी

पावसाळा स्थिरावला की धरणांच्या काठी समारंभपूर्वक मत्स्यबीज सोडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून झळकू लागतात आणि त्यांखाली ‘मत्स्यसंवर्धन’ हा शब्द बहुधा असतोच. उत्पादनवाढीच्या दृष्टीने या उपक्रमाचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु उत्पादन निराळे आणि संवर्धन निराळे, हे दख्खनच्या नद्यांतील महाशीर या माशाचा इतिहास पाहिला म्हणजे जितके लख्ख दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने दिसेल.

अव्वल इंग्रजी अमदानीत, 1824 साली, दख्खन मुलखाची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामगिरीवर विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. सरकारी दप्तराला पिके, जमाबंदी आणि शिरगणती यांचे आकडे हवे होते. साइक्सने त्यांच्या जोडीला या प्रदेशातील पक्षी आणि मासेही टिपून घेतले, आणि 1839 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेमार्फत येथील चाळीसहून अधिक मत्स्यजातींचे वर्णन प्रसिद्ध केले. श्रीगोंदे तालुक्यातील पेडगाव आपण बहादूरगडामुळे ओळखतो. पण ऑस्टिओब्रामा विगोर्सी या माशाची शास्त्रातील पहिली नोंदही त्याच गावच्या भीमेतली आहे, हे तालुक्यातील किती शाळांतून सांगितले जात असेल? महाशीर साइक्सला मिळाला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेत, म्हणजे पुढे भीमेला मिळून पेडगावावरून वाहणाऱ्या त्याच पाण्यात. खुद्री, कोळस, मळ्या, शिंगटी ही मच्छीमारांच्या तोंडची नावे त्याने लॅटिन नामावलीत घेतली. मात्र ज्यांच्या जाळ्यांवर आणि डोहांच्या माहितीवर हे शास्त्र उभे राहिले, त्यांना त्याच्या इतिहासात आजवर जागा मिळालेली नाही.

या माशाची जीवनरीत उलगडण्याचे बरेचसे श्रेय डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञाकडे जाते, आणि त्यांचे नाव आज विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही फारसे ठाऊक नसावे याची खंत वाटते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1970 मध्ये त्यांनी महाशीराच्या प्रजननाचा तपशील प्रसिद्ध केला. पुराचे पाणी चढू लागले की मोठे मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. मादीची अंडी पाण्यावर तरंगत न राहता तळाशी बसतात आणि गोट्यांच्या फटींतून खेळणाऱ्या, प्राणवायूने समृद्ध अशा पाण्यावर वाढतात. आणि अंड्यातून बाहेर पडलेली पिले लगेच पोहू न लागता उजेड टाळीत, काही दिवस त्याच फटींत निपचित पडून राहतात. ज्या नदीच्या तळाशी गाळ साचला किंवा जिची वाळू आणि गोटे खरवडून नेले, तिने या माशाचे बाळंतघरच गमावले, असे म्हणावे लागेल.

लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या केंद्रात कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी महाशीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. फलित अंडी पाण्यावाचून, केवळ ओल्या कापसात गुंडाळून, विमानाने दूरवर धाडता येतात आणि तेथे ती सुखरूप फुटतात, हे त्यांनी दाखवून दिले. आयुष्याचा आरंभ खळाळत्या पाण्याखेरीज करू न शकणाऱ्या या जिवाची अंडी ओलसर कापसातून आकाशमार्गे प्रवास करतात, ही कल्पना कितीही वेळा मनात आणली तरी तिचे नवल ओसरत नाही.

परंतु येथेच या कथेला वळण मिळते. लोणावळ्याच्या बीजातील महाशीर कर्नाटकात कावेरीतही सोडण्यात आला आणि तेथे तो उत्तम रुजला. त्या नदीत नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मुळापासून नांदत होता. गळाने मासे धरणाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासता पाहुण्याची संख्या वाढत गेलेली आणि मूळ रहिवासी दिसेनासा झालेला आढळला. टोर रेमादेवी हे त्याचे शास्त्रीय नाव 2018 मध्ये निश्चित झाले, तोवर तो विनाशाच्या कड्यावर येऊन ठेपला होता. दोष कुलकर्ण्यांच्या शास्त्राचा नव्हे. बीज तयार झाले म्हणजे मासा वाचला, या आपल्या उतावीळ समजुतीचा आहे.

आपल्या दख्खनी महाशीराची आंतरराष्ट्रीय लाल यादीत 2011 साली ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंद होती. अलीकडच्या मूल्यमापनात तो ‘किमान चिंता’ या वर्गात गेला आहे. परंतु ती यादी जातीचा विचार समग्र करते, एकेका नदीचा नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्याचे पाणी गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांत विभागले आहे आणि दोन्हीकडे वाटा अडलेल्या आहेत. प्रवरेवर भंडारदऱ्याचा 1926 मध्ये पुरा झालेला, सुमारे 82 मीटर उंचीचा विल्सन बंधारा, खाली निळवंडे, जिल्ह्यातील (पुण्याच्या नव्हे) मुळेवर बारागाव नांदूरचे धरण, गोदावरीवर जायकवाडी, भीमेवर उजनी: शेतीला या धरणांनी जीवन दिले हे निर्विवाद, पण पुरात वर चढणाऱ्या माशाला त्यांनी वाटच ठेवली नाही. उजनीच्या साठलेल्या पाण्यात परदेशी चिलापी भरभराटते, महाशीराला मात्र वाहते पाणी लागते. शिवाय नदीपात्रांतून होणारा वाळूचा उपसा उरलेसुरले तळही निकामी करतो.

महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून लोकांनी राखलेले महाशीर आजही पोहताना दिसतात. त्यांना कोणी बीज पुरविले नाही, केवळ डोह अभंग ठेवला. तेव्हा मत्स्यव्यवसाय आणि पाटबंधारे या दोन्ही खात्यांना विनंती अशी की, अकोले तालुक्यातील प्रवरा-मुळेच्या उगमाकडच्या ओढ्यांत आषाढ ते भाद्रपद मासेमारी पूर्णपणे बंद ठेवण्याची तजवीज करावी, तेथील गोट्यांचे तळ उपशापासून राखावेत, आणि कोणतेही बीज सोडण्यापूर्वी ते कोणत्या नदीचे आहे याची चौकशी करून तशी नोंद ठेवावी. समारंभापेक्षा हे काम कमी दिसणारे आहे, पण संवर्धन म्हणतात ते हेच.