बापपण सिद्ध कोणी करायचं?

लग्न न करता एकत्र राहिलेले स्त्री-पुरुष वेगळे झाले, तर मुलाचा खर्च कोणी उचलायचा, याचं उत्तर आपल्या कायद्याने केव्हाच देऊन ठेवलं आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४८८ वं कलम औरस आणि अनौरस अशा दोन्ही मुलांना बापाकडे पोटगी मागू देत होतं. १९७३ च्या संहितेत ते १२५ वं झालं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वं. मुलाचा हक्क कायम राहिला. १९८८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पहिली पत्नी हयात असताना लावलेलं लग्न बेकायदा म्हणून स्त्रीची पोटगी नाकारली, पण मुलाची मान्य केली. इतका जुना आणि स्पष्ट हक्क असूनही पैसे हातात पडत नाहीत. माझ्या मते हा हक्क अडतो तो पुराव्यापाशी.

१८७२ च्या पुरावा कायद्याने लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानलं. विवाहितेला त्यामुळे काही सिद्ध करावं लागत नाही. अविवाहित आईला मात्र संबंध, सहवास, काळ, सारंच सिद्ध करावं लागतं. त्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने रक्ततपासणीचे आदेश सरसकट देऊ नयेत असं सांगितलं. त्या निकालाचा हेतू चांगला होता: संशयी नवऱ्याच्या हट्टापायी मुलावर अनौरसपणाचा शिक्का बसू नये. पण ज्या मुलाला ते कवचच नाही, त्याच्या बाबतीत तीच सावधगिरी उलटते. तपासणी टळली तर फायदा फक्त हात झटकणाऱ्या पुरुषाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी भागात कोलाम समाजातल्या कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षं चर्चेत आहे. बाहेरून आलेले ठेकेदार, व्यापारी निघून गेले आणि मुलं आईपाशी राहिली. पुरुष जिथे मुलाच्या आईसोबत शेवटचा राहिला, तिथे अर्ज करायची मुभा कायदा देतो. पण तो बाप असल्याचं तिने दाखवायचं कसं?

यावर पुरुषाच्या खासगीपणाचा आणि खोट्या आरोपांचा आक्षेप घेतला जातो. तो क्षुल्लक नाही. म्हणूनच, सहवासाचा काही प्राथमिक आधार दिसला तरच डीएनए तपासणी व्हावी. पण आरोप खोटा असेल तर त्याच तपासणीने तो माणूस मोकळा होतो, आणि खासगीपणाची किंमत मुलाच्या जेवणाने, शाळेने का चुकवावी?

ताब्याचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने अनौरस मुलाचं पालकत्व आधी आईला आणि तिच्यानंतर बापाला दिलं. ६ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. विक्रमजित सेन यांच्या खंडपीठाने एका ख्रिस्ती अविवाहित आईला बापाला नोटीस न देता पालकत्व मागता येईल, असं ठरवलं. बापाची माहिती मात्र न्यायालयाने आईकडून घेऊन मोहोरबंद पाकिटात ठेवली. आईची गुप्तता आणि बाप कोण हे जाणण्याची मुलाची गरज, दोन्हींची इतकी काळजी या विषयात क्वचितच दिसते. पैसे द्यायचे आम्ही आणि मूल तिच्याकडे, ही बापांची तक्रार समजण्यासारखी आहे. जो बाप खरोखर मुलाला भेटू पाहतो, त्याला मुलाचं हित पाहून भेटीची वेळ मिळालीच पाहिजे. फक्त पोटगी आणि भेट एकमेकांच्या बदल्यात मोजू नयेत. बापाने पैसे थकवले म्हणून आईने मूल अडवायचं, आणि भेट मिळाली नाही म्हणून बापाने पैसे अडवायचे, या दोन्हींत मुलाचाच तोटा होतो.

रकमेच्या बाबतीत उशिरा का होईना, सुधारणा झाली. केंद्रीय कायद्यातली महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये निघाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं. पण बापपणच नाकारलं गेलं, की हे सगळं पुढच्या तारखांवर जातं. म्हणून अशा प्रकरणात तपासणीचा निर्णय पहिल्या काही तारखांतच व्हावा, तिचा खर्च सरकारने उचलावा आणि तपासणी नाकारणाऱ्याविरुद्ध न्यायालयाने प्रतिकूल अनुमान काढून अंतरिम पोटगी लगेच सुरू करावी.