मुलाखत दिली आणि साख पणाला लागली

व्यापारात मालापेक्षा साख मोठी, असे आपले वडीलधारे सांगत आले. "लाख जावो, साख न जावो" ही म्हण कापडबाजारात आजही चालते. साख जाण्यासाठी दिवाळेच निघावे लागते असे नाही. वर्तमानपत्रातील एक चुकीची ओळही त्याला पुरते. बाजारभाव, कर, कायदे यांवर बातमीदार आता व्यापाऱ्यांचे मत विचारू लागले आहेत. आपले म्हणणे उलटे छापले गेले तर काय करावे, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना माहीत असणे जरूर आहे.

प्रथम आमचा अनुभव सांगतो. आमचे कार्यालय पवईत आहे. भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांकडून ग्रे कापड घेऊन विकणे हा आमचा अनेक वर्षांचा धंदा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका दैनिकाचा प्रतिनिधी आमच्याकडे आला. विषय होता ४५ दिवसांचा नियम. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत व करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला आयकराची जोड दिली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खरेदीची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळणार नव्हती. ३१ मार्च जवळ आल्याने बाजारात मोठी घबराट होती.

आम्ही तासभर सर्व उलगडून सांगितले. माग चालविणाऱ्याला सूत बहुधा रोखीने घ्यावे लागते आणि कापडाचे पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी मिळतात. म्हणून त्याला वेळेवर पैसे मिळणे हा न्यायच आहे. परंतु दुकानदार व्यापाऱ्याचे पैसे थकवीत राहिला तर मधला व्यापारी अडकेल. मग काही खरेदीदार नोंदणी नसलेल्या मागवाल्याकडे वळतील व नोंदणी केलेल्या लहान माणसाचेच नुकसान होईल. ही भीती सरकारने ओळखावी, एवढेच आमचे म्हणणे होते.

छापून काय आले? "लहान मागवाल्यांकडून माल घेणे बंद करू : व्यापाऱ्यांचा इशारा." खाली आमचे नाव. 'न्याय' हा शब्द गाळला होता आणि भीतीची धमकी झाली होती. त्याच दिवशी भिवंडीहून फोन सुरू झाले. वर्षानुवर्षे तोंडी शब्दावर माल देणारे एक मागवाले म्हणाले, "शेठ, आमचा हिशेब आजच चुकता करा." त्यांचे काय चुकले? त्यांनी छापलेले वाचले होते.

आम्ही भिवंडीला जाऊन सर्वांना समक्ष भेटलो. संपादकांना रजिस्टर पत्र पाठविले. सुमारे तीन आठवड्यांनी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. बातमी ज्यांनी वाचली, त्यांतील किती जणांनी तो पाहिला असेल?

हे मोठ्यांच्या वाट्यालाही येते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि भारतीय प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. सप्टेंबर २००८ मध्ये 'टाइम्स नाऊ' वाहिनीने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या एका न्यायाधीशांच्या जागी त्यांचे छायाचित्र दाखविले. नावातील साम्याने हे घडले. चित्र सुमारे १५ सेकंदच दिसले. सावंतांनी पुण्यात दावा लावला व एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने १०० कोटी रुपये भरपाईचा निकाल दिला. अपिलाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने वाहिनीला २० कोटी जमा करण्यास व ८० कोटींची बँक हमी देण्यास सांगितले. त्यात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. प्रेस कौन्सिलचे अध्यक्षपद भूषविलेल्या माणसालाही इज्जतीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली!

सामान्य व्यापाऱ्याला कोर्टाचा खर्च परवडत नाही. त्याच्यासाठी १९७८ च्या कायद्याखालील प्रेस कौन्सिल आहे. आधी संपादकांना पत्र लिहून खुलासा मागावा. दाद न मिळाल्यास पत्राची नक्कल व कात्रण जोडून तक्रार करावी. दैनिक व साप्ताहिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत गेली पाहिजे. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताकीद व निषेध मात्र करू शकते. दूरचित्रवाणी तिच्या कक्षेत येत नाही.

त्याहून चांगले म्हणजे आधीच काळजी घेणे. माल पाठविताना आपण चलनाची नक्कल ठेवतो, तशीच बोलण्याचीही ठेवावी. मुख्य मुद्दे चार ओळींत लिहून सहीनिशी द्यावेत. मुलाखत आपल्याही मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी व तसे बातमीदाराला सांगावे. आपल्या नावे छापले जाणारे वाक्य आधी वाचून दाखविण्याची विनंती करावी. छापून आल्यावर त्याच दिवशी पत्र धाडावे.

तोंड बंद ठेवणे हा उपाय नव्हे. आपण बोललो नाही तर आपल्या धंद्याविषयी तो न जाणणारेच बोलतील. आम्ही आजही बातमीदारांशी बोलतो. फक्त कागद आधी हातात देतो आणि त्याची नक्कल खतावणीत ठेवतो.