कासवांचा बाजार आणि आपण व्यापारी

धान्याची घाऊक खरेदी-विक्री करणाऱ्याने समुद्रातील कासवांविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. आदिलाबादेस समुद्र नाही. परंतु आपल्या सीमेवरील पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहितेचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरास जाते. त्या गोदावरीच्या मुखाजवळील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. शिवाय हा प्रश्न मुळात बाजाराचा आहे, आणि बाजार आपणांस कळतो.

मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, ती झाकते व समुद्रात परतते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले निघतात. त्यांतील फारच थोडी जगतात, आणि वयात येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. अशी अंडी लुटणे म्हणजे पेरणीच्या बियाण्याचे पीठ दळण्यासारखेच होय.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी अंड्यांची अशीच चोरी चाले. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली तेथे काम आरंभिले. अंडी कुंपणाआड सुरक्षित ठेवून पिले समुद्रात सोडण्यात येऊ लागली, व या कामी गावकऱ्यांसच सोबत घेण्यात आले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिले पाहण्यास येणारे पाहुणे गावातील घरांतच उतरतात व जेवतात. जे अंडे एकदाच विकले जाई, तेच आज वर्षानुवर्षे गावास उत्पन्न देत आहे. कायद्याच्या धाकास चोख हिशेबाची जोड मिळाली, म्हणून हे साधले.

आता आपल्या दाराशी पाहू. गोदावरीच्या खोऱ्यात मऊ पाठीची कासवे आहेत. त्यांपैकी लीथचे कासव नामशेष होण्याच्या मार्गावर असून, २०२२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्यात आली. पाठीवर तारे असलेले जमिनीवरील कासव तर लक्ष्मी नांदावी म्हणून घरात ठेवण्यासाठी चोरून विकले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये असा व्यवहार गुन्हा असून, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

येथे एक नाजूक गोष्ट नमूद करणे अवश्य वाटते. पकडलेले कासव दयाबुद्धीने विकत घेऊन पाण्यात सोडणारे सज्जन आपल्यात आहेत. त्यांचा हेतू निर्मळ आहे. पण विक्रेत्यास हेतू दिसत नाही, गिऱ्हाईक दिसते. एक विकले गेले की तो उद्या दोन पकडतो. शिवाय जमिनीवरचे कासव नदीत सोडले, तर ते बुडून मरते. आपल्या शास्त्रात कृत, कारित व अनुमोदित असे हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत. मागणी निर्माण करणारा दुसऱ्या प्रकारातून कसा सुटेल?

विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव हेच आहे. ज्या चिन्हापुढे आपण मस्तक नमवितो, त्या प्राण्याचा सौदा आपल्या पेठेत होऊ नये. म्हणून सभासद बंधूंस नम्र विनंती, की घरी वा दुकानी कासव ठेवू नये, दयेपोटीही विकत घेऊ नये, आणि विक्री आढळताच वनखात्यास कळवावे. आपल्या मालाच्या गाड्यांतून असे जीव जाणार नाहीत, एवढी ताकीद चालकांस द्यावी. गिऱ्हाईक उठले की बाजार आपोआप उठतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.